गंगेवर जाऊन येते

आम्ही नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. ‘गंगेला पाणी आलंय’, ‘ते गंगेपलीकडे राहतात’, ‘बुधवारचा बाजार गंगेवर’. गोदावरी हे नाव शाळेच्या निबंधात आणि महापालिकेच्या फलकांवर. माझी आई लग्न होऊन रविवार कारंज्याजवळच्या वाड्यात आली, तेव्हा तिच्या सासूबाई रोज पहाटे ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणून निघायच्या आणि तासाभरात ओल्या लुगड्याने परत यायच्या. काशी एवढी जवळ कशी, हे तिला आठवडाभर कळलं नव्हतं म्हणे. पुढे तीच इतकी पक्की नाशिककर झाली की चाळीस-एक वर्षं दिवसातलं तिचं पहिलं वाक्य तेच होतं.

आता गुडघे साथ देत नाहीत. वाडा गेला, आम्ही द्वारका चौकाच्या पलीकडे फ्लॅटमध्ये आलो. गेल्या कार्तिकात तिने तांब्याचा गडू माझ्यापुढे धरला. “कॉलेजातून येताना गंगेचं पाणी आण. देवाला हवंय.”

मी रसायनशास्त्र शिकवते. आणलं असतं, काय बिघडत होतं? पण त्या दिवशी घाटावर उतरले, पाण्याकडे पाहिलं आणि गडू तसाच पिशवीत ठेवून घरी आले. स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आईने हात जोडले. मी गॅसकडे वळून उगाच दूध ढवळत राहिले.

ही खोटेपणाची टोचणी मनात होती, म्हणून की काय कोण जाणे, त्या वर्षी मुलांची शैक्षणिक सहल मी वायनरीला न नेता मलनिस्सारण केंद्रावर नेली. मुलं नाराज झाली. एकीने तर तोंडाला बांधायला दोन स्कार्फ आणले होते.

केंद्र मध्यम आकाराचं. कोणतं ते लिहीत नाही, कारण आम्हाला जे काका सगळीकडे फिरवत होते त्यांनी ठरल्यापेक्षा बरंच जास्त दाखवलं आणि त्याहून जास्त सांगितलं. हिशेबापुरतं ३० एमएलडीचं धरा, म्हणजे दिवसाला तीन कोटी लिटर. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, हा नियोजनातला नेहमीचा ठोकताळा. माणशी १०८ लिटर झालं. म्हणजे हे एक केंद्र साधारण पावणेतीन लाख माणसांच्या आंघोळी, भांडी, धुणी आणि संडास उरावर घेतं. नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशी लहानमोठी केंद्रं आहेत. नावं आपण बातम्यांत वाचतो आणि विसरतो.

आत शिरल्यावर पहिली भेट जाळीशी. लोखंडी गजांची उभी जाळी, तिच्यावर पाणी येऊन आदळतं आणि पाण्याबरोबर जे येऊ नये ते सगळं अडकतं. गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, शॅम्पूच्या पुड्या, भाजीचे देठ, एक चप्पल. कायम एकच चप्पल असते, जोडी कधी येत नाही, असं काका म्हणाले. त्यांचं सगळ्यात आवडतं निरीक्षण मात्र रंगपंचमीचं. नाशिकला धूलिवंदनापेक्षा रंगपंचमी मोठी, जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, आहेत, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. दिवसभर माणसं त्यात उड्या मारतात आणि मग घरोघरी न्हाणीघरात अंग घासतात. “संध्याकाळी इथे बघा मॅडम. सगळं गाव रंग धुऊन आमच्याकडे पाठवतं.”

मी विचारलं, गावाचं वेळापत्रक कळत असेल ना तुम्हाला? ते हसले. पहाटे तीन-चारला सगळ्यात कमी पाणी. मग पाच-साडेपाचला थोडी हालचाल, ती म्हाताऱ्या माणसांची. त्यानंतर दोन-तीन तास जो लोंढा येतो तो शाळा-ऑफिसवाल्यांचा. दुपारी उतरतं, संध्याकाळी पुन्हा चढतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लोंढा लवकर येतो. गावाला कोण किती वाजता उठतं हे त्यांना घड्याळावाचून कळतं.

जाळीनंतर रेती बसवायची टाकी, आणि त्यानंतर खरं काम. नाशिकच्या जुन्या केंद्रांत जी पद्धत आहे ती मला फार आवडते, कारण ती उलटी आहे. मैलापाणी टाकीत वरून पडत नाही, तळातून सोडतात आणि ते हळूहळू वर चढतं, तासाला जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. तळाशी काळ्या गाळाचा जाड थर असतो. हा गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती, हवा नको असलेल्या जिवाणूंची. पाणी त्या थरातून गाळलं जात वर येतं तेव्हा हे जिवाणू त्यातली घाण खातात आणि मिथेनचे बुडबुडे सोडतात. आठ-दहा तासांचा हा प्रवास. वीज फारशी लागत नाही, आणि हवामान आपल्यासारखं उबदार असलं की जिवाणू खूश. हॉलंडात शोधलेली ही पद्धत आपल्याकडे मैलापाण्यासाठी १९८९ मध्ये कानपूरच्या जाजमऊला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालवून पाहिली, गंगा कृती योजनेत. तिकडच्या गंगेसाठी आणलेली पद्धत इकडच्या गंगेच्याही कामी आली.

पण एवढ्याने पाणी नदीजोगं होत नाही. वर आलेलं पाणी गढूळ, कुबट आणि प्राणवायूशून्य असतं. म्हणून पुढच्या टाकीत ब्लोअरने हवा सोडतात. तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू, हवा हवी असलेले. ते उरलंसुरलं खाऊन जड होतात, तळाशी बसतात, आणि वरचं निवळ पाणी क्लोरीन घेऊन बाहेर पडतं.

मुलांना मी एवढंच सांगितलं की इथे नदीपेक्षा वेगळं काहीच घडत नाही. नदीही हेच करते, याच जिवाणूंकडून करून घेते. फक्त तिला त्यासाठी मैलोन्‌मैल अंतर लागतं आणि वाटेत तिचे मासे मरतात. तेच काम मरणाविना, भिंतींच्या आत, एका दिवसात उरकायचं, एवढंच केंद्राचं कौशल्य.

इथे हिशेब सांगितल्याशिवाय माझ्यातल्या बाईला चैन पडणार नाही. आपल्याकडच्या उबदार पाण्यात, लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. इतकाच. मासे, शेवाळ, किडे, सगळ्यांचा संसार त्या आठ मिलिग्रॅमवर. शहरी मैलापाणी कुजताना लिटरमागे दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम प्राणवायू मागतं. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर ताज्या नदीचा श्वास काढून घेऊ शकतं. बाहेर सोडताना ही मागणी किती खाली आणायची यावर बरीच वर्षं ३० हा आकडा धरला जायचा. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो १० वर आणायला सांगितलं. जुन्या केंद्रांचा जीव इथे मेटाकुटीला येतो. ३० साठी बांधलेली टाकी नुसत्या आदेशाने १० देत नाही. तिला पुढे आणखी टाक्या, आणखी हवा, आणखी वीजबिल लागतं.

ही मागणी मोजण्याची रीतही मजेशीर आहे. पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचं आणि ठरलेल्या दिवसांनी प्राणवायू किती उरला ते पाहायचं. इंग्रजांनी पाच दिवस धरले होते. त्यांच्या बेटावरची कुठलीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते, मग पुढची चिंता कशाला, असा त्यामागचा विचार सांगतात. आपली गोदावरी १,४६५ किलोमीटरची. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर निघते ती थेट आंध्रात समुद्राला मिळते. पाच दिवसांनंतर तिचं काय, हा प्रश्न तिला लागू पडतोच. आपण मात्र प्रयोगशाळेत तीनच दिवस ठेवतो, २७ अंशांवर, कारण उष्णतेत जिवाणू भराभर खातात.

मुलांनी तीन बाटल्या भरल्या होत्या. सोमेश्वरच्या धबधब्याखालची एक, केंद्राच्या आत येणाऱ्या पाण्याची एक, बाहेर पडणाऱ्या पाण्याची एक. प्राणवायू तपासायच्या विंकलरच्या पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकलं की बाटलीत साका धरतो. प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. सोमेश्वरची बाटली गडद तपकिरी झाली, कॉफीसारखी. आत येणाऱ्या पाण्याची पांढरी, अगदी दुधाळ. दोन स्कार्फवाली मुलगी म्हणाली, “मॅम, ही तर सगळ्यात स्वच्छ दिसतेय.” पंचवीस वर्षांत पांढऱ्या रंगाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. बाहेर पडणाऱ्या पाण्याची बाटली फिकट तपकिरी झाली. सोमेश्वरइतकी नाही, पण तपकिरी. काका मागे उभे होते. त्यांनी ती बाटली उजेडात धरून दोनदा पाहिली.

उपकरणं आहेत, नोंदवही आहे, पण काका खरं काम नाकाने करतात. हवेच्या टाकीला पावसाआधीच्या ओल्या मातीचा वास आला की सगळं ठीक. सडक्या अंड्यांचा आला की जिवाणू गुदमरतायत. आणि कधी मध्यरात्री आम्लासारखा झणझणीत वास आला तर कुणीतरी चोरून कारखान्याचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलंय. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या, पाण्यातले निकेल-क्रोम जिवाणूंना मारतात, आणि मेलेली वस्ती पुन्हा बसवायला आठवडे लागतात. ज्या गावाचं नावच लोक नाकावरून आलं असं सांगतात, जिथे तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, तिथे नदीची राखण एका माणसाच्या नाकावर चालावी! मी हे बोलून दाखवलं. काकांना फारसं हसू आलं नाही. ते म्हणाले, “माझी सासुरवाडी सायखेड्याला आहे मॅडम. मी इथे झोपलो तर तिकडे मेव्हण्यांच्या विहिरीला वास येतो.”

सायखेडा, चांदोरी ही निफाड तालुक्यातली गंगेकाठची गावं, आमच्या खालची. त्यांच्याही खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, जिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात, आणि जो २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आमच्या सोसायटीतली माणसं रविवारी भल्या पहाटे दुर्बिणी घेऊन तिथे जातात. निघण्याआधी अर्थातच घरी आंघोळ करून. उन्हाळ्यात धरणातून पाण्याचं आवर्तन सोडलेलं नसतं तेव्हा शहराखालच्या पात्रातलं बरंचसं पाणी आपणच वापरून सोडलेलं असतं. फ्लेमिंगोंच्या पायाखाली आपली न्हाणीघरं असतात, हे दुर्बिणीतून दिसत नाही.

केंद्राला जे साधत नाही तेही पाहिलं. नत्र आणि फॉस्फरस या टाक्यांतून बऱ्यापैकी तसेच निसटतात. पाण्यात वाईट काही दिसत नाही, वासही नाही, पण पाणवेलींना ते खत मिळतं आणि नदी हिरव्या गालिच्याखाली जाते. साबणाचा अंश राहिला की पाणी उंचावरून पडतं तिथे फेसाचे ढीग. मग वर्तमानपत्रात फोटो येतो, मशिनने पाणवेली काढतात, पुन्हा वाढतात. आणि लाइट गेली, जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही, उपसा केंद्राचा पंप थांबला, की चेंबर भरून पाणी आपली जुनी वाट धरतं, आधी नाला, मग नदी.

गाळाचे वाफे मात्र पाहण्यासारखे. टाकीतून काढलेला गाळ उन्हात वाळत घालतात, खत म्हणून शेतकरी नेतात. त्या काळ्या, भेगाळलेल्या गाळात टोमॅटोची तरतरीत रोपं उगवली होती. कुणी लावलेली नव्हती. माणसाच्या पोटातून, ड्रेनेजमधून, जिवाणूंच्या वस्तीतून सुखरूप पार पडलेलं बी. मुलांनी सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच काढले.

निघताना काकांनी सहज विचारलं, “मॅडम, तुमची लाइन कुठे जोडलीय?”

मला माहीत नव्हतं. फ्लॅट घेताना आम्ही नळाला किती तास पाणी येतं ते विचारलं, पार्किंग विचारलं, देवघराची दिशा विचारली. गेलेलं पाणी कुठे जातं हे कोण विचारतं? सोसायटीच्या सेक्रेटरींनाही माहीत नव्हतं. तेव्हा मी प्रयोगशाळेतून फ्लुओरेसीनची चिमूट आणली. हा रंग अगदी थोडा असला तरी पाणी झगझगीत हिरवं करतो. रविवारी सकाळी आमच्या न्हाणीघरात टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि खाली धावले. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण प्लंबरने उघडून ठेवलं होतं. तिथे काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मग मागच्या बाजूने वॉचमन ओरडला. इमारतीमागच्या पावसाळी गटारातून हिरवंगार पाणी चाललं होतं. ते गटार नाल्याला, नाला नासर्डी नदीला, आणि नासर्डी टाकळीच्या संगमावर गंगेला.

बिल्डरने आमच्या विंगची लाइन खोदकाम वाचावं म्हणून सरळ पावसाळी गटारात सोडली होती. अकरा वर्षं. अकरा वर्षं मी मुलांना जलप्रदूषणाचं प्रकरण शिकवत होते आणि आमचे आठ फ्लॅट नदीत थेट रिकामे होत होते. वाईट त्याचं वाटलं, आणि त्याहून जास्त एका दुसऱ्या गोष्टीचं. आई रोज पहाटे बादलीवर हात ठेवून सात नद्यांची नावं घेते. मगच पहिला तांब्या अंगावर. त्या सात नद्या आम्ही रोज नासर्डीत सोडत होतो, साबणासकट.

नदी स्वच्छतेच्या मोहिमांत मी आजवर हौसेने गेले आहे. हातमोजे घालून निर्माल्य गोळा करतानाचे माझेही फोटो आहेत. आता त्या फोटोंचं जरा हसू येतं. झेंडूची फुलं डोळ्यांना खुपतात म्हणून आपण ती उचलतो. नदीचा जीव जातो तो विरघळलेल्या, न दिसणाऱ्या घाणीने, आणि तिचा निवाडा घाटावर होत नाही, इमारतीच्या मागे, चेंबरच्या झाकणाखाली होतो. केंद्र कितीही उत्तम चालवा, जे पाणी त्याच्यापर्यंत येतच नाही त्याचं ते काय करणार? सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे सध्या गावात नदीबद्दल बोलणाऱ्यांची कमतरता नाही. त्यातल्या प्रत्येकाला माझ्याकडची फ्लुओरेसीनची एकेक पुडी द्यावी असं फार वाटतं.

लाइन बदलायला पाच महिने लागले. अर्ज, सर्वसाधारण सभा, वर्गणी, ‘आमचं काय अडलंय’ म्हणणारे तळमजल्यावरचे एक गृहस्थ, रस्ता खोदायची परवानगी. ते सगळं सांगत बसत नाही, कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला ठाऊक आहे. शेवटी काम झालं. दुसऱ्यांदा रंग टाकला तेव्हा हिरवं पाणी चेंबरमध्ये दिसलं आणि प्लंबरने, काय वाटलं कुणास ठाऊक, टाळी वाजवली.

त्या रात्री जेवताना मी आईला गडूचं सांगून टाकलं. गंगेचं नव्हतं ते, नळाचं होतं. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “ठाऊक आहे की.”

“कसं?”

“घाटावरचं पाणी असं नितळ असतं होय? आणि नळाला तरी कुठलं येतं?”

आमच्या भागात गंगापूर धरणाचं येतं. म्हणजे त्र्यंबकहून निघालेली गंगाच, गावात शिरण्याआधीची. मी काही बोलले नाही. ती पुढे म्हणाली, “मी देवाला तेवढंच सांगितलं, पोरीला वेळ नसेल मिळाला.”

दुसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. न्हाणीघरात दिवा लागला, बादली भरल्याचा आवाज थांबला आणि आईचं पुटपुटणं ऐकू आलं, यमुना, सरस्वती, नर्मदा. मग पहिला तांब्या. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. काकांच्या टाकीवर आता म्हाताऱ्या माणसांचं पाणी यायला लागलं असेल. तिचं पोहोचायला मात्र अजून अवकाश होता.